विमानातली सीट नेमकी कुणाच्या मापाची?

आडवातिडवा (धागाकर्ता):

तीन-तीनच्या रांगेत मधल्या सीटवर बसलेल्या माणसाला कोपरं टेकायला जागा नसते, यात नवीन काही नाही. हल्ली मात्र वाद 'खुर्ची लहान की माणूस मोठा' असा रंगतो आणि दर वेळी निकाल माणसाच्या विरोधात लागतो. माझं म्हणणं असं, की खुर्ची रुंद करा. ती होईपर्यंत ज्याला एका सीटमध्ये बसता येत नाही, त्याला शेजारची सीट फुकट द्या.

बोइंग ७३७ च्या धडाची रुंदी आली ती ७०७ वरून, आणि ७०७ पहिल्यांदा उडालं १९५७ साली. त्या रुंदीत सहा सीट बसवल्या की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १७ इंच येतात. एअरबस ए३२० आतून सुमारे १६ सेंटिमीटर जास्त रुंद, म्हणून तिथे १८ इंच. म्हणजे अकासाचं ७३७ मिळालं की इंडिगोचं ए३२०, यावर तुमच्या कमरेचा एक इंच ठरतो. मोठ्या विमानांत तर उघड उघड कापाकापी झाली. ७७७ मध्ये आधी नऊची रांग असायची, आता बहुतेक कंपन्यांकडे दहाची. ७८७ आखलं गेलं आठसाठी, बसवतात नऊ. जपान एअरलाइन्स तेवढी अजून आठवर टिकून आहे.

आणि माणसं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष जास्त वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हेच आकडे २४ आणि २२.९ टक्के झाले. विमानाने फिरणारा वर्ग यातल्या कुठल्या बाजूला असेल, ते आपल्या पोटाकडे बघून ठरवा.

रोखठोक:

असहमत. तिकीट म्हणजे जागा, आणि जागेची हद्द म्हणजे हाताचा दांडा. तो खाली आला पाहिजे, बस्स. माझी बॅग दोन किलो जास्त भरली तर काउंटरवर मुकाट पैसे मोजावे लागतात. शेजाऱ्याने माझी पाव सीट व्यापली तर मात्र मी 'समजून घ्यायचं'! पूर्ण पैसे भरून पाऊण सीट का घ्यावी मी?

सामोआ एअरने २०१३ मध्ये सरळ वजनावर भाडं लावलं होतं. जगभर हसले लोक. मला तरी तो प्रकार प्रामाणिक वाटला.

हिमवाट:

कॅनडात हा वाद कधीच निकाली निघालाय. २००८ च्या जानेवारीत तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने देशांतर्गत उड्डाणांसाठी 'एक माणूस, एक भाडं' असा आदेश दिला. अपंगत्वामुळे सोबती लागत असेल किंवा स्थूलतेमुळे एका सीटमध्ये बसणं अशक्य असेल, तर दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. कंपन्या भांडल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला. प्राधिकरणाने हिशोबही मांडला होता: एअर कॅनडाला तिकिटामागे सुमारे ७७ सेंट, वेस्टजेटला ४४ सेंट. तेवढ्यात कॉफीसुद्धा येत नाही इकडे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, नुसतं 'जाड' असून चालत नाही, ते अपंगत्व ठरावं लागतं. दोन, आदेश देशांतर्गत उड्डाणांपुरता. टोरांटो-मुंबईच्या लांबच्या प्रवासात तो काही कामाचा नाही.

रोखठोक:

म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं. आपल्याकडे ते कोपऱ्यावर मिळतं. पुढच्या दिवाळीत अर्धं विमान सर्टिफिकेटवाल्यांचं असेल, बघा.

चौथी_सीट:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. :) आम्हा लोकलवाल्यांना हा वादच कळत नाही. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, त्याची अर्धी बैठक हवेत असते आणि तरी तो अंबरनाथपर्यंत पेपर वाचत जातो. 'जरा सरकून घ्या' म्हटलं की सरकतात लोक. हद्दबिद्द काही नाही.

रोखठोक:

लोकलमध्ये सीट नंबर पाहून पैसे भरलेत का कधी? आणि तो चौथा उठून दारात उभा राहू शकतो. ३५,००० फुटांवर कुठे उभा राहणार?

मधलीच_मी:

ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्यातली मी एक. पट्ट्याला जोडायचा तुकडा हवाईसुंदरीकडे हळू आवाजात मागायचा आणि तिने तो सगळ्यांना दिसेल असा हात उंच करून आणायचा, हा भाग सोडून देते. विमान वर्षातून एखाद्या वेळी. रोजचं काय?

मंगल कार्यालयात हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. कुणीतरी शहाणा नातेवाईक 'ताईंना दोन खुर्च्या एकात एक घालून द्या रे' म्हणून ओरडतो. नाट्यगृहात मी कडेची सीट बघते, निदान एक बाजू मोकळी मिळते. दवाखान्यात बाहेर स्टीलचा तीन खुर्च्यांचा बाक, मध्ये दांडे. आत बीपीचा पट्टा दंडाला पुरत नाही. तोकड्या पट्ट्याने रक्तदाब खऱ्याहून जास्त दिसतो, हे किती जणांना माहीत आहे? सिस्टरला मोठा पट्टा मागितला की ती कपाट उघडून बघते आणि म्हणते, 'होता, कुठे गेला कोण जाणे.'

रोखठोक, तुमची पाव सीट घेताना मला मजा वाटत नाही. सगळा प्रवास मी अंग चोरून, हात छातीशी बांधून करते. खांदे दोन दिवस दुखतात.

यंत्रवेडा:

सगळे सौजन्यावर भांडताय. मुद्दा सुरक्षेचा आहे.

तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमधली पाटी वाचा. '६ व्यक्ती, ४०८ किलो' म्हणजे माणशी ६८. सहा जण चढले आणि घंटा वाजली की सगळे एकाच माणसाकडे बघतात, पाटीकडे कुणी बघत नाही. लिफ्ट निदान ओरडते तरी. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जमध्ये 'ईथन ॲलन' नावाची पर्यटकांची बोट उलटली, २० जण गेले. परवानगी ४८ प्रवाशांची, प्रवासी ४७. कागदोपत्री सगळं नियमात. फक्त तो नियम माणशी १४० पौंड, म्हणजे ६३-६४ किलो धरून केलेला! पुढे अमेरिकी तटरक्षक दलाने बोटींसाठीचं गृहीत वजन ७३ वरून ८४ किलोच्या आसपास नेलं, तेही २०११ उजाडल्यावर.

विमानांचंही तेच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटला एक छोटं विमान उड्डाण करताच कोसळलं, २१ मृत्यू. मुख्य घोळ शेपटीच्या नियंत्रणाच्या चुकीच्या दुरुस्तीचा होता, पण विमान हिशोबापेक्षा जडही होतं. त्यानंतर प्रवाशांचं सरासरी वजन अमेरिकेत वाढवून धरायला लागले. युरोपात आज हातातल्या सामानासकट ८४ किलो धरतात.

राहिला आणीबाणीत विमान ९० सेकंदांत रिकामं करण्याचा नियम. अमेरिकी संसदेने २०१८ मध्ये कायदा करून सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं. त्यासाठी चाचण्या झाल्या त्या साठीच्या आतल्या धडधाकट स्वयंसेवकांवर. म्हातारी माणसं नाहीत, पोरं नाहीत. आणि ते किमान माप अजून ठरलेलं नाही.

सुतारपक्षी:

फर्निचरच्या धंद्यातला माणूस म्हणून दोन शब्द. घरचं फर्निचर हा प्रश्नच नाही. गिऱ्हाईक येतं, 'घरात जड माणसं आहेत' म्हणतं, आम्ही सोफ्याखालची फ्रेम दणकट करतो, पट्ट्या जवळ जवळ मारतो, डायनिंगची खुर्ची १८ ऐवजी २० इंच करतो. लाकूड थोडं जास्त जातं, पैसे देतात, विषय संपला.

अडतं ते रांगेत. हॉलमध्ये प्रत्येक खुर्ची दोन इंच वाढवली की नऊ-दहा खुर्च्यांमागे एक खुर्ची जाते. तिथे मालक लाकडाचा नाही, गेलेल्या खुर्चीचा भाव विचारतो. त्यावर माझा सल्ला एकच, की सार्वजनिक जागी दांडे काढा, लांब बाक द्या. बारीक, जाड, कडेवर पोर असलेली बाई, सगळे बसतात. तरी ऑर्डर येते ती दांडेवाल्याचीच. कारण विचारलं तर म्हणतात, 'लोक आडवे होतात हो.'

आडवातिडवा:

सुतारपक्षी, +१. ओरडा केला की हलतं. रेल्वेने लालूप्रसादांच्या काळात बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा घुसवला होता, आठवतोय? माणसं शवपेटीत झोपल्यासारखी. प्रवाशांनी बोंब मारली, २००९ मध्ये तो बहुतेक गाड्यांतून काढावा लागला. मग डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, सीटची किमान रुंदी का ठरवू नये?

रोखठोक:

ठरवा की. पण ७३७ मध्ये साडेपाच सीट बसत नाहीत. सहाच्या पाच कराव्या लागतील, आणि तेवढ्याच उत्पन्नासाठी प्रत्येकाचं भाडं २० टक्क्यांनी वाढेल. इथे रुंद सीट मागणारे सगळे बुकिंग करताना 'सर्वांत स्वस्त आधी' हेच बटण दाबतात. मीसुद्धा.

मधलीच_मी, तुमच्याबद्दल राग नाही. पण तुमच्या खांद्यांचं भाडं मी का भरू?

हिमवाट:

७७ सेंट, रोखठोक. ७७ सेंट.

मधलीच_मी:

फुकट नका देऊ. बुकिंगच्याच वेळी दुसरी सीट मागता यावी, नाव एकदाच लिहावं लागावं, आणि दुसऱ्या सीटवर कसले कसले अधिभार लावू नयेत. पैसे नंतर परत मिळाले तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेतली साउथवेस्ट वर्षानुवर्षं तसे परत देत होती.

यंत्रवेडा:

होती. जानेवारी २०२६ पासून तिथेही विमानात निदान एक सीट रिकामी गेली असेल तरच परत मिळतात.

रोखठोक:

हे मात्र मान्य. रिकामं गेलं तर परत, भरलं तर नाही. कंपनीचं नुकसान झालं तरच पैसे घ्यायचे.

मधलीच_मी:

अहो, रिकाम्या विमानात मला दुसरी सीट विकत घ्यावीच लागत नाही, शेजारी कुणी नसतंच. ती लागते भरलेल्यातच.