मुलांना नदी शिकवायची, की नदीवर न्यायचं?

ओढ्याकाठची

मी शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षं झाली, महिन्यातून एकदा सातवीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या ओढ्यावर जाते. जागा ठरलेली, वळणावरचा उथळ खळाळ. यंदा या फेरीची जोडतासिका वेळापत्रकातून गेली. पर्यावरणाचं पुस्तक आहे, वर्षातून एकदा स्वच्छता मोहीम होते, झाडं लावतो, भित्तिपत्रकांची स्पर्धा घेतो, मग दर महिन्याला ओढ्यावर कशाला, असं मला विचारलं गेलं. बैठकीत धड उत्तर देता आलं नाही. इथे देते, पटलं नाही तर मोकळेपणाने सांगा.

आम्ही करतो ते फार साधं आहे. एकाने पायाने तळ ढवळायचा, दुसऱ्याने प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची, जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि थांबायचं. मिनिटभर नुसता गाळ आणि पाचोळा दिसतो. मग पाचोळ्यातली एक काडी चालायला लागते. ती काडी नसतेच. वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने जोडून केलेली नखाएवढी नळी असते आणि तिच्या तोंडातून कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी डोकं बाहेर काढून पाय टाकत असते. मागच्या वर्षी वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा त्या ट्रेवर वाकून म्हणाला, "बाई, हिने घर स्वतः बांधलंय." त्यानंतर दर महिन्याला दारात सगळ्यांच्या आधी तोच उभा.

कॅडिसफ्लाय, मेफ्लाय, स्टोनफ्लाय या कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या बहुतेक पिल्लांना पाण्यात भरपूर ऑक्सिजन लागतो. सांडपाणी मिसळलं की ती आधी नाहीशी होतात. मागे उरतात लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी ऑक्सिजनात तगतात. हे मी फळ्यावर आधी सांगितलं नव्हतं. ओढ्यात सांडपाणी सोडणारा एक नळ आहे, त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मुलांनीच विचारलं, खाली सगळं लालच का? उन्हाळ्यात परिस्थिती आणखी का बिघडते, हेही असंच विचारण्यातून निघालं. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना जेमतेम ७.५.

माझं म्हणणं एवढंच: एक जागा, वर्षभर, नोंदवही हातात. मोहिमा आणि घोषणा त्यानंतर, आणि नाही झाल्या तरी चालतील.

गणितशिक्षक

ताई, तळमळ पोहोचली, पण मी विरोधात आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना शेकडेवारी येत नाही. महिन्याला एक जोडतासिका म्हणजे वर्षाला वीसेक तासिका. त्या कोणाच्या कापायच्या? वाचन कच्चं, गणित कच्चं आणि ओढ्यातल्या अळ्या पक्क्या, असं मूल पुढे नदीसाठी तरी काय करू शकेल? अहवाल वाचायला, खोटा आकडा ओळखायला आधी पाया लागतो.

दुसरी भीती अशी, की उपक्रम चांगला दिसला की त्याला गुण लागतात. गुण लागले की मुलं घरी बसून आकडे भरतात. प्रकल्पवह्यांचं काय झालं ते आपण दोघंही जाणतो.

ओढ्याकाठची

गुणांबद्दल पूर्ण सहमत. मी कधीच गुण दिले नाहीत, देणारही नाही.

शेकडेवारीचं मात्र उलट आहे, सर. ट्रेमध्ये ८० जीव, त्यातल्या ५२ लाल अळ्या, म्हणजे ६५ टक्के. मागच्या महिन्यात नुसत्या ५२ नव्हत्या, ६० होत्या, म्हणून एकीने "कमी झाल्या" म्हणून टाळ्या वाजवल्या. शेजारची म्हणाली, थांब, तेव्हा एकूण दीडशे होते. भागाकाराची गरज मुलांना स्वतःहून लागली, हे मी त्या दिवशी पाहिलं.

जलशुद्धी

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात माझी बावीस वर्षं गेली. वाईट वाटून घेऊ नका, पण नद्या शाळेच्या उपक्रमांनी सुधारत नाहीत. लंडनच्या थेम्सला १८५८ च्या उन्हाळ्यात इतकी दुर्गंधी सुटली, की संसदेचं काम चालेना. मग अभियंता बॅझलगेट यांची भूमिगत गटारयोजना झाली. तरी १९५७ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी नदीचा शहरातला पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरवला. १९७४ मध्ये त्या नदीत पुन्हा सामन मासा सापडला, तो प्रक्रिया केंद्रं सुधारली आणि घाण सोडण्यावर कायद्याची बंधनं आली म्हणून. युरोपातल्या ऱ्हाईन नदीचंही तसंच. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेलं पाणी विषासकट नदीत गेलं, ईल मासे हजारोंनी मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी एकत्र येऊन कृती कार्यक्रम आखला. तिथेही पैसा लागला, करार लागले, अभियंते लागले.

मला खुपतं ते असं, की बारा वर्षांच्या पोराला आपण "दात घासताना नळ बंद कर, नदी वाचव" असं शिकवतो आणि त्याच वेळी शहराचं कच्चं सांडपाणी बिनदिक्कत सोडतो. मोठ्यांचं ओझं मुलांच्या डोक्यावर नको. मूल मनाला लावून घेतं. माझ्या भाचीला कित्येक रात्री झोप लागत नव्हती, मासे मरतायत म्हणून.

काठावरून

जलशुद्धी, तुमचं अर्धं मान्य. पण कायदा आपोआप येत नाही. अमेरिकेत कायहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाला १९६९ मध्ये आग लागली, आणि त्या नदीची ती काही पहिली आग नव्हती. आधीच्या आगींनी देश हलला नव्हता. २२ एप्रिल १९७० च्या वसुंधरा दिनाला सुमारे दोन कोटी लोक बाहेर पडले, त्यांत शाळा-कॉलेजातली मुलं फार मोठ्या संख्येने होती. १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. तुमच्या केंद्राला पैसे मंजूर करणारे लोक कधीतरी सातवीत असतातच ना?

जलशुद्धी

असतात. म्हणून तर म्हणतो, अर्धीच गोष्ट शिकवू नका. नळाच्या तोंडापर्यंत मुलांना नेता, मग नळामागे काय आहे तेही दाखवा. आमच्या टाकीतला तपकिरी गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यात देठावरच्या घंटेसारखे जीव दिसतात. ते जिवाणू खात असतात, आणि ते दिसले म्हणजे टाकी नीट चालली आहे असं आम्ही समजतो. हे पाहिलेल्या मुलाला "नदी मेली" एवढंच कळत नाही, "ती अशी बरी होते" हेही कळतं. त्याची झोप उडणार नाही.

ओढ्याकाठची

हे मला सुचायला हवं होतं. सहा वर्षांत मी मुलांना नळाच्या पलीकडे एकदाही नेलं नाही.

दोघांची आई

सुरक्षिततेचं कोणीच बोलत नाहीये. माझ्या मुलीच्या शाळेने नदीकाठच्या स्वच्छता मोहिमेत हातमोजे न देता मुलांना कचरा उचलायला लावलं. तळहातात काच गेली, तीन टाके पडले. वर प्रमाणपत्र मिळालं. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो, हे तिथल्या एकाही मोठ्या माणसाला माहीत नव्हतं. वर पाऊस झाला तर खाली ओढा किती झटकन चढतो, हेही कोणाच्या डोक्यात नसतं. तुमच्याकडे नियम काय आहेत? संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे सुरक्षितता नव्हे.

ओढ्याकाठची

तुमचा राग रास्त आहे. आमच्याकडे गुडघ्याच्या वर पाणी असेल तर कोणी उतरत नाही. पाऊस झाला की पुढचे दोन दिवस ओढा बंद. अंगावर जखम असलेलं मूल काठावर बसून नोंदी घेतं. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, नाहीतर जायचंच नाही. नळाखालचा नमुना मी स्वतः घेते, रबरी बूट आणि लांब हातमोजे घालून. मुलं नुसती ट्रे बघतात. परत आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मोहिमेत शंभर मुलं एकदम काठावर सोडतात, त्यापेक्षा हे कितीतरी सांभाळता येण्यासारखं आहे.

माळरान

मी दोन्ही बाजूंवर थोडा नाराज आहे. "काळजी घ्या" म्हटलं की शाळेला लगेच काहीतरी *करायचं* असतं. गवताळ माळावर खड्डे खणून रांगेत झाडं लावतात. त्या माळावर जमिनीलगत घरटं करणारे पक्षी असतात, उघड्या गवतावर जगणारे कीटक असतात. झाडं वाढली की त्यांची जागा जाते. डास कमी व्हावेत म्हणून तळ्यात गॅम्बुसिया मासे सोडतात, ते तिथल्या माशांची पिल्लं आणि बेडकांच्या अळ्या खाऊन टाकतात. घरातल्या टाकीत कंटाळा आलेलं कासव "मुक्त करू" म्हणून नदीत सोडतात. सगळं सद्भावनेने.

त्याआधी बघायला शिकवा. डार्विनने १८४२ मध्ये एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, तिथे चर खणून पाहिला. पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. गांडुळांनी खालची माती वर आणून आणून तुकडे गाडले होते. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात हाच प्रयोग आजही करता येईल. दरवर्षीच्या वर्गाने मोजायचं आणि पुढच्या वर्गाच्या हाती वही द्यायची.

आणि ताई, एक तुमच्यासाठीही. दर महिन्याला एकाच खळाळात तीस मुलं तळ ढवळणार असतील तर त्या अळ्यांचं काय? उचललेले दगड तसेच, त्याच बाजूने परत ठेवता का?

ओढ्याकाठची

दगड परत ठेवतो, जीव पाण्यात सोडतो. पण त्याच जागी दर महिन्याला ढवळतो, हे खरं आहे, आणि त्याचा परिणाम नोंदींवरही होत असणार. पट्टा तीन भागांत वाटून आळीपाळीने घेतला पाहिजे. दोनच मुलं जाळी वापरतील, बाकीची बघतील.

शेताच्या बांधावरून

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. माझ्या मुलाला शाळेत "वन्यप्राणी आपले मित्र" असा निबंध लिहायला लावला. त्या आठवड्यात मी चार रात्री मचाणावर जागलो, रानडुकरांच्या कळपाने उभं पीक लोळवलं होतं. मुलाने विचारलं, "बाबा, खरं लिहू की शाळेतलं लिहू?" मी काय सांगायचं? ज्याचं काही जात नाही त्याला काळजी घ्या म्हणणं सोपं आहे.

काठावरून

दादा, पण म्हणून मुलांना प्राण्यांबद्दल काही शिकवायचंच नाही का? द्वेष तर आपोआप शिकतात.

शेताच्या बांधावरून

शिकवू नका असं कुठे म्हणालो? डुकरं कुठून येतात, कोणत्या महिन्यात येतात, रान तुटल्यावर वाढली की आधीपासून होती, कुंपण कसलं टिकतं, भरपाईचा अर्ज कसा भरायचा, हे शिकवा. माझा पोरगा पायाचे ठसे बघून कळपात पिल्लं किती ते सांगतो. शाळेत त्याला कोणी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर निबंध खरा झाला असता.

माळरान

तुमच्या मुलाला जे येतं ते मला शिकायला कित्येक वर्षं लागली.

गणितशिक्षक

वेळापत्रकाबद्दल माझं मत बदललेलं नाही. वाचन-गणिताच्या तासिका कापून हे नको. पण ताईंची ती ८० आणि दीडशेची गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या शेकडेवारीच्या धड्यातली उदाहरणं नफा-तोट्याचीच आहेत आणि मुलं ती न वाचताच सोडवतात. तुमच्या सहा वर्षांच्या वह्या मिळतील का? माझ्या तासात, वर्गातच, त्यांवर आलेख काढून घेईन. नळाच्या वरच्या आणि खालच्या नोंदी वेगळ्या आहेत ना?

ओढ्याकाठची

वेगळ्या आहेत, सर. पहिल्या दोन वर्षांत मात्र पाण्याचं तापमान घेतलेलं नाही, आणि तिसऱ्या वर्षीची एक वही भिजलेली आहे. काही पानं वाळवून जपली आहेत, आकडे दिसतात. सोमवारी आणते.