मदत हवी आहे: वडगावात घरांच्या मधोमध क्लब येतोय, परवाना मिळण्याआधी हरकत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या वडगावातून लिहिते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक जुनं मंगल कार्यालय आहे, काही वर्षं बंदच होतं. मालकाने ते भाड्याने दिलं आणि मंगाईच्या यात्रेनंतर आत तोडफोड सुरू झाली. आधी वाटलं, लॉजिंग असेल. मग गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहिला. वायरिंगला आलेल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "काकू, वर डीजे, नाचायला फ्लोअर, खाली बार." आता 'लवकरच' असा फलकही लागलाय. आम्हाला कुणी विचारलं नाही, कसली नोटीस चिकटवलेली दिसली नाही.

गल्लीत साधारण साठ घरं. निम्म्या घरांत माग आहेत, बाकीचे बरेच जण उद्यमबागेत फौंड्रीत जातात. पहिल्या पाळीची माणसं पहाटे पाचला उठतात. संध्याकाळी बायका उंबऱ्यावर बसून कांड्या भरतात, पोरं रस्त्यातच खेळतात. रस्ता एवढा अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे रात्री गाड्या लागणार कुठे, आणि पिऊन बाहेर पडलेली माणसं उभी राहणार कुठे, तर आमच्याच कट्ट्यावर.

आम्ही सात-आठ जण जागा घेणाऱ्यांना भेटायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमचे माग रात्रभर खडखडतात ते चालतं, मग आमचं गाणं का नको?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात होतं. माझे सासरे शेवटचे दिवस घरीच होते. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचा पॉवरलूम आहे. त्यांनी चार रात्री माग बंद ठेवला. आम्ही सांगितलं नव्हतं. सण तोंडावर होता, साड्या द्यायच्या होत्या, त्यांचं नुकसानच झालं असणार. मागाचा आवाज आम्ही सोसतो कारण तो कुणाच्या पोटाचा आहे ते माहीत असतं आणि वेळ आली तर तो थांबतो. रात्री बारा वाजता त्या गच्चीवर जाऊन मी कुणाला सांगणार, की घरात आजारी माणूस आहे?

आतापर्यंत काय केलं ते सांगते. ११२ सह्या झाल्या. निवेदन कन्नडमध्ये लिहिलं. पलीकडच्या घरातली सून बैलहोंगलकडची आहे, तिने दोन रात्री बसून लिहून दिलं. ते घेऊन एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, "परवाना अजून दिलेलाच नाही, मग हरकत कशावर घेता?" दुसरीकडे म्हणाले, परवाना दिल्यावर अपील करा. आमच्या प्रतीवर शिक्काही मिळाला नाही.

गडहिंग्लजचा भाऊ म्हणतो, बायकांचं मतदान मागा, आडवी बाटली करा, म्हणजे मतांनी दारू बंद पाडा. ते इथे चालतं का?

दत्त मंदिराची मागची भिंत त्या इमारतीपासून अगदी जवळ आहे, पण मंदिराचं मुख्य दार पुढच्या गल्लीत. रस्त्याने वळसा घालून गेलं तर अंतर बरंच भरतं. मोजणी सरळ रेषेत होते की रस्त्याने? आणि आवाजाचा मुद्दा आत्ताच मांडता येतो, की आधी त्रास व्हायला हवा?

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: खानापूरकर

वहिनी, आडव्या बाटलीचा नियम महाराष्ट्र सरकारचा आहे. बेळगावला १९६५ चा कर्नाटक अबकारी कायदा लागतो. भाऊरायांना सांगा, मतदानाच्या मागे लागून वेळ घालवू नका. त्याच ११२ सह्या इथल्या नियमांत बसवून वापरा.

प्रतिसाद: जुना बेळगावकर

ताई, "परवाना दिलेला नाही, मग हरकत कशावर" हे म्हणणंच उलटं आहे. परवाना देण्याआधी जागेची पाहणी होते. तुमचा कागद त्या फायलीत आधी लागला पाहिजे. अर्ज अबकारी उपायुक्तांच्या नावाने करा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि महापालिका आयुक्तांना द्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या जपा.

आधी परवान्याचा नमुना कळायला हवा. लॉजसह बार असेल तर सीएल-७, नुसता बार असेल तर सीएल-९. सीएल-९ पुष्कळदा दुसऱ्या जागेवरचा जुना परवाना हलवून आणलेला असतो. तसं असेल तर तुमची हरकत स्थलांतराला, आणि अर्जात हाच शब्द हवा. माहिती अधिकारात विचारा: या पत्त्यावर कुणाचा, कोणत्या नमुन्याचा अर्ज आहे, पाहणी अहवाल आणि नकाशाची प्रत द्या. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत करा. कायद्यात इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, मराठीवर अडून बसतील.

आता अंतर. १९६७ च्या परवाना नियमांतला ५ वा नियम: धार्मिक स्थळ, शाळा, रुग्णालय, सरकारी कार्यालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत दारूची जागा नको. मोजणी सरळ रेषेत नाही. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस एरवी पायी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, आणि कंपाउंड असेल तर सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. 'मुख्य' फाटक नाही, 'जवळचं' फाटक. मंदिराला मागून दार आहे का? असेल आणि रोजच्या वापरात असेल तर सगळा हिशेब बदलतो. नसेल तर आता नवं दार काढू नका, ते पाहणीत उघडं पडतं आणि खरा मुद्दाही खोटा ठरतो. मंदिराच्या नोंदणीचे कागद काढून ठेवा. ट्यूशन क्लासवर भिस्त नको, मान्यताप्राप्त शाळा किंवा बालवाडी असेल तर ती दाखवा.

आवाजाचं म्हणाल तर २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त सभागृहासारख्या जागेत चालतो. गच्चीवर नुसता सांगाडा आणि पत्रा असेल तर ती बंदिस्त जागा नव्हे. आजच फोटो काढा, नंतर काचा लावतील. तुमचा भाग आराखड्यात रहिवासी आहे की व्यापारी, ते 'बुडा'त, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणात, पाहून घ्या, कारण व्यापारी भागात मर्यादा ६५ आणि ५५ होते. मंगल कार्यालयाचा बार करताना वापरबदल आणि व्यवसाय परवाना लागतो, तो कागद महापालिकेत मागा.

आणि माग लपवू नका. अर्जात स्वतःच लिहा की इथे माग आहेत. समोरचा ते दाखवणारच आहे.

प्रतिसाद: शहापूरची

एक कळकळीची विनंती. निवेदन कुठल्या समितीच्या किंवा पक्षाच्या लेटरहेडवर देऊ नका, मराठीही नाही आणि कन्नडही नाही. एकदा का याला सीमाप्रश्नाचा रंग चढला की बार बाजूला राहील आणि शेजारी शेजाऱ्याशी बोलायचा बंद होईल. सह्यांपुढे फक्त घर नंबर लिहा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन मोजलं. मंदिराला मागचं दार आहे, सासऱ्यांच्या लहानपणापासूनचं. पालखी त्याच दारातून निघते आणि आमच्या गल्लीतल्या बायका रोज त्याच दाराने आत जातात. पोरांनी टेपचं एक टोक फाटकाच्या मध्यावर धरलं, दुसरं मंगल कार्यालयाच्या दारावर. टेप तीस मीटरचा, म्हणून तीनदा खुणा केल्या. ८३ मीटर भरले. परत मोजलं, तेवढेच. पुजारीकाका म्हणाले, "हे दार बंद असतं तर तुम्ही मोजायला तरी आला असता काय?" जुन्या पालख्यांचे फोटो तेच काढून देणार आहेत.

गच्चीचे फोटो तिन्ही बाजूंनी काढले. त्यात काल पहिली काच आलेलीही दिसते.

लेटरहेडचं पटलं. सह्यांत ४७ घरं आहेत, त्यांतली निम्मी कन्नड बोलणारी. अर्ज गल्लीच्या नावानेच जाईल. मागाचं एक वाक्य शेजाऱ्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं: घरात दुखणं किंवा परीक्षा असेल तर आम्ही माग थांबवतो.

शुक्रवारी अर्ज घेऊन जातोय. माहिती अधिकाराच्या अर्जाचा कन्नडमधला नमुना कुणाकडे असेल तर गुरुवारपर्यंत इथे टाकाल का? सूनबाई लिहील, पण अबकारी खात्याचे नेमके शब्द तिलाही माहीत नाहीत.