चेकर्स, शह आणि फर्जी

प्रश्न : भाचीला चेकर्सचा पट आणलाय. नियम सांगताना 'किंग' आला आणि तिने विचारलं, "ह्याला शह कसा द्यायचा?" शह नाही, मात नाही, मग नावात 'चेक' कुठून आला? ब्रिटिश लोक ह्याच खेळाला 'ड्राफ्ट्स' का म्हणतात?

उत्तर : भाचीने बरोब्बर पकडलंय. 'चेक' आणि आपला 'शह' एकाच कुळातले. दोघांचं मूळ फारसी 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळाबरोबर हा शब्द अरबीमार्गे युरोपात गेला, पटाला लॅटिनमध्ये 'स्काकेरियम' म्हणू लागले आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'चेकर' झाला. आधी पट, मग पटावरच्यासारखी चौकड्यांची नक्षी, मग त्या पटावर खेळायचा हा दुसराच खेळ. चेक्सचा शर्ट त्यातूनच आला. इंग्लंडच्या खजिन्याचं 'एक्सचेकर' हे नावसुद्धा. तिथले हिशेब चौकड्यांचं कापड अंथरलेल्या मेजावर सोंगट्या मांडून होत. 'ड्राफ्ट' म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसती चाल.

खेळ मात्र बुद्धिबळातून निघालेला नाही. स्पेनमधल्या कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो ह्याने 1283 मध्ये करवून घेतलेल्या खेळांच्या ग्रंथात 'अल्केर्के' आहे (नाव अरबी 'अल-किर्क'वरून): पाच गुणिले पाच बिंदूंचा पट, दोन्हीकडे 12-12 सोंगट्या, वरून उडी मारून मारायचं. आपल्या वाघबकरीत वाघ बकरी मारतो तसंच. पुढे हे प्रकरण चौसष्ट घरांवर गेलं आणि फ्रेंचमध्ये सोंगटीला 'फियेर्ज' म्हणू लागले. मला सगळ्यात गंमत इथे वाटते, कारण हा आपला फर्जी! फारसी 'फरजीन' म्हणजे राजाचा शहाणा सल्लागार, आपल्या पटावरचा वजीर. जुन्या बुद्धिबळात तो आजच्यासारखा पटभर धावत नसे, तिरकं एकच घर सरके. रहीमच्या दोह्यात आहे ना, 'प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय'. ती चाल बुद्धिबळातून गेली, चेकर्सच्या सोंगटीत राहिली. फ्रेंचांनी पुढे फियेर्जची 'दाम' म्हणजे बाईसाहेब केली, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी खेळाचं नावच ते पडलं.

प्रश्न : फर्जी म्हणजे बनावट ना? फर्जी बिल, फर्जी सही?

उत्तर : तो वेगळा. अरबी 'फर्ज'वरून, मानून चाललेला, म्हणून खोटा. कोंडाजी फर्जंदातला 'फर्जंद' तिसराच. त्याचा अर्थ मुलगा.

प्रश्न : आमच्याकडे मारायची संधी सोडली की समोरचा ती सोंगटीच उचलून घ्यायचा. हा घरचा नियम की खरा?

उत्तर : खरा, पण जुना. त्याला 'हफ' म्हणत, म्हणजे फुंकर. मारायला चुकलेली सोंगटी उचलून तिच्यावर फुंकर मारायची. आता स्पर्धांत हफ नाही, चाल मागे घेऊन मारावंच लागतं. ही सक्ती म्हणजेच चेकर्स. आपली एक सोंगटी मुद्दाम पुढ्यात सरकवायची. समोरच्याला ती घ्यावीच लागते, त्याची रांग फुटते आणि तुम्ही एका उडीमागे दुसरी उडी मारत दोन उचलता. सक्ती काढलीत तर उरते ती नुसती ढकलाढकली.

बाकी नियम थोडके. फक्त काळी घरं, साधी सोंगटी तिरकी पुढेच. शेवटच्या ओळीत पोचली की तिच्यावर दुसरी चढवतात, हाच तो 'किंग'. मग ती मागेही जाते, पण एकेक घरच. शंभर घरांच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात 20-20 सोंगट्या असतात आणि चढलेली सोंगटी लांबवर झेपावते. सगळ्या मारल्या किंवा कोंडल्या की डाव संपला.

म्हणून मराठीत 'किंग'ला राजा म्हणू नये असं माझं मत. राजा पडला की खेळ आटोपतो. इथे चार-चार असतात आणि मेले तरी डाव चालूच. 'चढलेली सोंगटी' चालेल. 'प्यादं'ही नको, ते सरळ चालतं.

प्रश्न : आणि गोट्यांचं चायनीज चेकर्स?

उत्तर : चिनीही नाही, चेकर्सही नाही. 1892 मध्ये जर्मनीत 'स्टर्न-हाल्मा' म्हणून निघालेला खेळ; 'चायनीज' हे अमेरिकेत विक्रीसाठी लावलेलं नाव. त्यात उड्या आहेत, पण मारामारी नाही.