प्रतिसाद: हळवे मन हा दोष नव्हे

हळव्या मनाच्या माणसाने रुग्णवाहिकेच्या नोकरीत येऊच नये, हे इथे मांडलेले मत मला पटत नाही. माझा धाकटा भाऊ मेळघाटात रुग्णवाहिका चालवतो. मागच्या पावसाळ्यात घाटातच एक बाळंतीण गाडीत दगावली. त्या पहाटे घरी आल्यावर तो हापशीवर कितीतरी वेळ हात धूत राहिला, हात स्वच्छ झाल्यावरसुद्धा, आणि आईने वाढलेल्या ताटाकडे त्याने पाहिलेही नाही. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तिच्यात स्वतःची आणि दुसऱ्याची भावना ओळखणे, तिचे नियमन करणे येते. ती गिळून टाकणे येत नाही.

मात्र अशा माणसाला लगेच बसवून सगळे वदवून घेण्याची घाईही नको, कारण आघातानंतरच्या अशा सक्तीच्या कथनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. भावाला आधार झाला तो सोबतच्या डॉक्टरांचा, जे दुसऱ्या पाळीला काही न विचारता त्याच्याशेजारी चहा घेत बसले. तो बोलला चौथ्या दिवशी, आपणहून. झोप कित्येक आठवडे उडालेली राहिली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. पण घाटात रेंज नसते, म्हणून तो क्रमांक आणि विश्रांतीची पाळी या दोन्ही गोष्टी मुक्कामाच्या केंद्रावरच मिळायला हव्यात.