ओहाय ते व्हेंचुरा मॅरेथॉन: उताराचा सराव पुण्यात कसा करू?

पळपुटा (पुणे)

वय 47, मुक्काम कोथरूड. मुंबई मॅरेथॉनला 3:21 (3 तास 21 मिनिटं) लागले. पेडर रोडच्या चढावर सगळा हिशेब बोंबलला. बोस्टन मॅरेथॉनला पात्र ठरायला 45 ते 49 वयोगटातल्या पुरुषांना आधीच्या एखाद्या मॅरेथॉनमध्ये 3:15 हवेत. ताई कॅलिफोर्नियात असते, तिच्याकडे जाणं होणारच आहे, म्हणून 'माउंटन्स टू बीच' पळायचा विचार आहे. ओहायच्या डोंगरातून सुटून व्हेंचुराच्या समुद्रावर संपते, बराचसा उतार. तिथे पळालेलं कुणी आहे का इथे? उताराचा सराव म्हणून दर रविवारी सिंहगडाच्या डांबरी रस्त्याने खाली पळत यावं असं डोक्यात आहे. चालेल?

टेकडीवाला

सिंहगड नको! तो घाट आहे, तुमच्या शर्यतीचा उतार नाही. गुडघ्यांची वाट लागेल. तुमच्या दारातच चांदणी चौकातून कोथरूड डेपोकडे येणारा रस्ता आहे की. पहाटे पाचला जा, नंतर तिथे माणसाने पळू नये.

बाकी एक मत. उतारावर काढलेली वेळ मला काही खरी वाटत नाही. सपाटीवर काढून दाखवा.

रानजाई (थाउजंड ओक्स)

मी पळालेय, आणि सरावालाही तिच्या वाटेवरच्या ट्रेलवर (पायवाटेवर) जाते, घरापासून फार लांब नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओहाय गाव समुद्रसपाटीपासून साधारण 745 फुटांवर आहे. बेचाळीस किलोमीटरला वाटून टाका, किलोमीटरमागे जेमतेम पाच मीटर उतार पडतो. डोळ्यांना दिसतही नाही, घड्याळाला मात्र कळतो. पण तो सारखा वाटलेला नाही. सुरुवातीला गावातल्या गावात फिरवतात आणि तिथे चक्क चढ आहे. संत्र्यांच्या बागा, समोर टोपाटोपाचे डोंगर, सगळे ताजेतवाने, त्यामुळे तो चढ कुणी मनावर घेत नाही आणि लोक तिथेच उधळतात. तुम्ही तिथे किलोमीटरमागे दहा सेकंद खुशाल जाऊ द्या.

मग जुन्या रेल्वेमार्गावर केलेला ट्रेल लागतो. आगगाडीसाठी आखलेली वाट, त्यामुळे उतार एकदम गुळगुळीत. एका बाजूला लाकडी कुंपण, त्यापलीकडे घोड्यांची वाट, वर ओक आणि सिकमोरची झाडं. वाट अरुंद आहे, पुढे जायला नागमोडी पळू नका, फुकट मीटर वाढतात. झाडांखाली घड्याळातला पेसही (किलोमीटरला किती मिनिटं, तो आकडा) इकडेतिकडे होतो. मैलाच्या पाट्यांवर मॅन्युअल लॅप मारा, म्हणजे घड्याळाचं बटण स्वतः दाबून वेळ नोंदवा.

आता मुख्य मुद्दा. उतारावर दम लागत नाही, मांड्या मोडतात. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलत असतो, आणि त्या पेलण्यात त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. त्या वेळी काही जाणवत नाही. बिल येतं शेवटच्या दहा किलोमीटरला, व्हेंचुरात, जिथे रस्ता जवळपास सपाट होतो. सपाटी लागली की पाय चढावर असल्यासारखे जड. त्यात नदीकाठाने तेलविहिरींच्या भागातून खाली आलं की समुद्राचा वारा थेट तोंडावर, आणि सकाळ चढेल तसा तो वाढतो.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. स्नायूला असा मार एकदा नीट बसला की पुढचे काही आठवडे तेवढाच मार तो बराच सहज सोसतो. म्हणून दर रविवारी नको. दहा-बारा दिवसांतून एकदा, लाँग रनच्या (लांब पल्ल्याच्या सरावाच्या) शेवटी, पाय दमलेले असताना पाच-सहा किलोमीटर हलक्या उतारावर शर्यतीच्या वेगाने. शेवटचा असा सराव शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी, नंतर बंद. पावलं आखूड, झपाझप, टाच पुढे टाकून ब्रेक लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं तर समजा सराव लागला.

@टेकडीवाला, अहो, बोस्टनच मुळात उताराची शर्यत आहे! सुरुवात होते ते हॉपकिंटन वर, शेवट होतो ते शहर खाली. 2011 साली केनियाचा जेफ्री मुताई तिथे 2:03:02 पळाला, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळपास मिनिटभर कमी, तरी विक्रम धरला नाही, कारण विक्रमासाठी किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. पात्रतेचा नियम वेगळा. 2027 च्या बोस्टनपासून निव्वळ उतार 1500 फूट किंवा जास्त असेल तर वेळेत पाच मिनिटं वाढवून धरतात, 3000 च्या वर दहा, आणि 6000 फुटांपासून पुढे ती वेळ बादच. ओहाय यात कुठेच बसत नाही.

पळपुटा

सिंहगड रद्द. म्हणजे किलोमीटरला 4:37 चा पेस धरला की काम झालं?

रानजाई

नाही हो. 4:37 म्हणजे बरोब्बर 3:15, आणि तेवढ्यावर बोस्टनवाले हल्ली घेत नाहीत, जागांपेक्षा पात्र अर्ज जास्त येतात. 2026 च्या बोस्टनला प्रवेशासाठी पात्रतेच्या वेळेपेक्षा 4 मिनिटं 34 सेकंद लवकर संपवलेलं असावं लागलं होतं, 2025 ला 6:51. निदान 3:10 मनात धरा, म्हणजे 4:30. मुंबईच्या दमट हवेत 3:21 काढणाऱ्याला ओहायच्या गार सकाळी हे अशक्य नाही, पण त्यातला बराच भाग हवेचा असेल, उताराचा थोडाच.

राहायला व्हेंचुरात बघा. पहाटे तिथून बसने वर नेतात, म्हणजे संपल्यावर खोली जवळ. आणि ताईंना आदल्या दिवशी ओहाय दाखवा, तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती तिथेच राहायचे, 1986 मध्ये गेलेही तिथेच. फक्त तुम्ही जास्त चालू नका.

टेकडीवाला

मुताईचं माहीत नव्हतं. बरं, चांदणी चौकाला मीही येतो, गुरुवारी चालेल?

पळपुटा

चालेल. पाचला डेपोपाशी. वर जाताना रिक्षा करायची की पळत?

टेकडीवाला

पळत. रिक्षाचे पैसे नाश्त्याला.