ओटीडी की मास्टर्स: फरक कॅपस्टोनचा
‘अमेरिकेत आता डॉक्टरेटशिवाय ऑक्युपेशनल थेरपिस्ट होताच येत नाही’ असं कुणी सांगत असेल, तर ते बरोबर नाही. (ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारा.) २०२७ पासून ओटीडी, म्हणजे या विषयातली डॉक्टरेट, सक्तीची करायचं २०१७ मध्ये ठरलं होतं खरं, पण ते बारगळलं आणि २०१९ मध्ये मास्टर्स आणि ओटीडी या दोन्ही वाटा कायम राहिल्या. लायसन्सआधीची एनबीसीओटी ही राष्ट्रीय परीक्षा दोन्हींना एकच, लायसन्सही तेच.

लेव्हल टू फील्डवर्कचे, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या प्रशिक्षणाचे, किमान २४ आठवडे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना चुकत नाहीत, आणि हात बसतो तो तिथेच. पक्षाघाताच्या पेशंटला सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, काढताना उलटं. हे पुस्तकात मिळतं. पेशंट रडकुंडीला आला तरी आपण बटण लावून द्यायचं नाही, हे मात्र तिथे उभं राहूनच जमतं. ओटीडीला त्यावर १४ आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे एकाच विषयावरचा शेवटचा सखोल प्रकल्प, असतो. माझा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाथरूममधल्या पडण्यावर होता. मला पुढे शिकवायचं होतं, म्हणून तो फार कामी आला. फक्त पेशंटच बघायचे असतील, तर त्या जादा सत्रांसाठी कर्ज काढू नका, असं मी मनापासून सांगेन.