नऊ एकांचा वर्ग इतका सुबक कसा?

प्रश्न: लेकीने वहीत १११११११११ ला त्यानेच गुणलं आणि १२३४५६७८९८७६५४३२१ आलं. उलट वाचलं तरी तेच! दहा एक घेतले की मात्र घडी मोडते. का?

उत्तर १: तिला उभी मांडणी करायला लावा. एकांच्या ओळी पायरीपायरीने सरकतात. मधल्या रकान्यात नऊ एक, म्हणजे हातचा नाही. दहा झाले की हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं.

उत्तर २: या देवळालीच्या कापरेकर गुरुजींच्या डेमलो संख्या! डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव डेमलो. कल्पना तिथेच सुचली. तुमच्या संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७², एकूण विभाजक ४५. मला तो ३३३६६७ फार आवडतो.

प्रश्नकर्ती: मांडणी केली. मधला रकाना तिने लाल पेनाने रंगवलाय. अंकांची बेरीज ८१, तीही तिनेच काढली!